ज्योत डोळ्यात उतरते का?

मावळातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात डोळ्याची दोन मोठी छायाचित्रे आम्ही पाहिली. दोन्ही अकरावीच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर छोटे भिंग बसवून काढलेली. पहिल्यापुढे गर्दी होती : सभोवार काळोख आणि बाहुलीत तेवणारी मेणबत्तीची ज्योत. खाली ओळ होती, ‘त्राटक : ज्योत डोळ्यात उतरते’. दुसऱ्यापुढे कोणी थांबत नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलाचा तो डोळा; चित्र किंचित हललेले. आमच्या मते दुसरे चित्र सरस आहे. पहिले सरस होता होता राहिले.

लोणावळा जवळ असल्याने त्राटक हा विषय सुचणे साहजिक होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचा पायंडा पाडला. तेव्हा या चित्राला कसोटी लावली तर कोणी रागावू नये.

चूक त्या ओळीत आहे. चित्रातील ज्योत डोळ्यात उतरलेली नाही; ती डोळ्यावरून परत फिरली आहे. पारपटलाचा अश्रूंनी ओला पृष्ठभाग हा एक बहिर्वक्र आरसाच. त्याची वक्रता त्रिज्या सुमारे ७.८ मिमी, म्हणून नाभीय अंतर ३.९ मिमी. पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम अडीच टक्के तो परत पाठवतो आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला आला तो यातलाच. ज्या प्रकाशाने त्या मुलीला ज्योत दिसली तो आत जाऊन दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा उमटवत होता. ती या चित्रात कुठेच नाही. मग ज्योत बाहुलीत बसलेली का वाटते? आभासी प्रतिमा पारपटलामागे सुमारे ४ मिमीवर, म्हणजे जवळजवळ बाहुलीच्याच पातळीवर पडते, म्हणून. दुसऱ्याच्या डोळ्यात दिसणारी आपली इवलीशी आकृती पाहूनच ‘बाहुली’ हा शब्द पडला असावा. लॅटिनमधील ‘पुपिला’चाही अर्थ छोटी बाहुली असाच आहे. मारलेल्या नागाच्या डोळ्यात मारणाऱ्याचे चित्र राहते, ही समजूतही याच भासावर पोसलेली दिसते. आरशात चित्र साठत नाही, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ओळ बदलता येईल. पण छायाचित्रकार मुलीशी बोलताना कळले ते अधिक खटकले. मूळ चित्रात ठळक ज्योतीशेजारी आणखी एक मोठी पण फिकट ज्योत होती आणि एक बारीक, उलटी. ‘डाग’ समजून तिने दोन्ही पुसून टाकल्या! त्या डाग नव्हेत. फिकट सुलटी ज्योत नेत्रभिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावरून आलेली, उलटी ज्योत मागच्या पृष्ठभागावरून. तो पृष्ठभाग येणाऱ्या प्रकाशाला अंतर्वक्र आरशासारखा असतो. (पारपटलाच्या मागच्या बाजूचीही एक असते, पण ती पहिलीत मिसळून जाते.) पुर्किन्ये यांनी १८२३ साली या प्रतिमांचे वर्णन केले. मोतीबिंदू ओळखण्यासाठी वैद्यांनी पुढे त्यांचा उपयोग केला. नजर दूरवरून जवळ आणली की फिकट ज्योत लहान होते, कारण भिंगाचा पुढचा भाग फुगतो. वर्गात फळ्यावर काढून दाखवावे लागणारे समायोजन त्या चित्रात हाताशी आले होते, आणि ते सौंदर्यासाठी खोडले गेले.

कार्ल्याच्या चित्रात काहीच पुसलेले नाही. दाराचा उजेड कडेला वाकून आला आहे, वरच्या बाजूला पापणीच्या केसांच्या काळ्या रेघा आहेत, आणि मधोमध छायाचित्रकाराचे डोके व दोन हात. अर्ध्या मीटरवरचा १५ सेंमी रुंद चेहरा पारपटलात सुमारे १.२ मिमी होतो; हा हिशेब मुलांनी शेजारी लिहिला होता. २०१३ साली रॉब जेन्किन्स व क्रिस्टी केर यांनी अशा प्रतिबिंबांतून समोरच्या माणसांचे चेहरे ओळखता येतात हे दाखवले. त्यांचा कॅमेरा मात्र ३९ मेगापिक्सेलचा होता. मुलांच्या चित्रात चेहरा ओळखू येत नाही. पण फोटो कोठे उभे राहून काढला, उजेड कोणत्या बाजूने होता, हे चित्रच सांगते. हललेपणाची आमची तक्रार कायम आहे. मोबाइल तिवईवर ठेवता आला असता.

प्रयोग करणाऱ्या शिक्षकांसाठी : फ्लॅश वापरू नये, सूर्याकडे डोळा करू देऊ नये, मेणबत्ती हातभर लांब व केसांपासून दूर ठेवावी.

पहिल्या चित्राची न पुसलेली प्रत त्या मुलीच्या मोबाइलमध्ये अजून आहे. ती आम्ही मागवली आहे.