‘डेथ नोट’ : चातुर्य आणि विवेक

लोकप्रिय कलाकृतीची स्तुती आणि तिची समीक्षा यांच्यामध्ये आपल्याकडे मोठे अंतर पडलेले आहे. स्तुती करणारे कारणे देत नाहीत. कारणे मागणारे ती कलाकृती पाहण्याची तसदी घेत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पिढ्यांनी वाचल्या, परंतु त्यांच्या रचनेचा विचार करावा असे फार थोड्या समीक्षकांना वाटले. ‘डेथ नोट’ ही जपानी चित्रमालिका माझ्यापर्यंत आली तीही अशीच, स्तुतीच्या लाटेवरून. एका तरुण विद्यार्थ्याने ती पाहण्याचा आग्रह धरताना ‘याहून बुद्धिमान कथानक तुम्ही पाहिलेले नसेल’ असे म्हटले होते. मालिका पाहून झाल्यावर त्याच्या विधानातील ‘बुद्धिमान’ हा शब्द मनात रेंगाळत राहिला. बुद्धिमान कोण? कथानायक, कथानक की कथाकार? या तिघांची बुद्धी एकच असते असे गृहीत धरल्यामुळे या कृतीविषयीच्या चर्चेत बराच गोंधळ झालेला आहे.

मूळ कृती म्हणजे त्सुगुमी ओबा या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची आणि ताकेशी ओबाता यांनी रेखाटलेली चित्रकथा. ती २००३च्या डिसेंबरपासून २००६च्या मे महिन्यापर्यंत एका साप्ताहिकातून १०८ प्रकरणांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरून ‘मॅडहाउस’ या चित्रसंस्थेने तेत्सुरो अराकी यांच्या दिग्दर्शनाखाली ३७ भागांची मालिका केली आणि ती २००६-०७ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. कथाबीज एका वाक्यात मावणारे आहे. लाइट यागामी या हुशार, देखण्या, शाळकरी मुलाला मृत्युदेवतेने टाकलेली एक वही सापडते. ज्या माणसाचा चेहरा ठाऊक आहे त्याचे नाव तिच्यात लिहिले की तो चाळीस सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. लाइट गुन्हेगारांची नावे लिहीत सुटतो. लोक या अदृश्य मारेकऱ्याला ‘किरा’ म्हणू लागतात, आणि ‘एल’ एवढेच नाव असलेला एक विक्षिप्त गुप्तहेर त्याच्या मागावर निघतो.

अद्‌भुत घटक आला की तर्ककथेचा पाया ढासळतो, असा एक जुना संकेत आहे. ओबांनी या संकेताला दिलेले उत्तर मात्र खरोखर कौतुकास्पद आहे. त्यांनी अद्‌भुताला कायद्याचे स्वरूप दिले. वहीला नियम आहेत. मृत्यूचे कारण लिहिले तर तपशिलासाठी आणखी सहा मिनिटे चाळीस सेकंद मिळतात. नाव ठाऊक नसेल तर ते चेहऱ्यावरून वाचणारे डोळे मृत्युदेवतेकडून घेता येतात, पण उरलेल्या आयुष्याचा अर्धा भाग देऊन. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या मध्यावर हे नियम पडद्यावर झळकतात. त्यामुळे प्रेक्षकाला आपण एखाद्या करारनाम्याची कलमे वाचत आहोत असे वाटते, आणि पुढचे डावपेच त्या कलमांच्या फटींतून कसे निघतात हे पाहण्याची एक वेगळीच गोडी लागते.

या गोडीचा सर्वोत्तम नमुना दुसऱ्याच भागात येतो. जगभर प्रसारित होत असल्याचे सांगितलेल्या एका कार्यक्रमात एक गृहस्थ आपणच ‘एल’ असल्याचे जाहीर करतो आणि किराला दुष्ट म्हणतो. लाइट संतापून त्याचे नाव लिहितो, तो कोसळतो. लगेच पडद्यावर केवळ एक अक्षर उमटते आणि खरा ‘एल’ बोलू लागतो. मेलेला मनुष्य त्याच दिवशी फाशी जाणारा एक कैदी होता, आणि कार्यक्रम जगभर नव्हे तर केवळ कान्तो प्रदेशात दाखवला जात होता. किराचा पहिला बळी शिंजुकूमधला, ज्याची बातमी जपानबाहेर गेलीच नव्हती. म्हणून आरंभ जपानपासून, आणि त्यातही सर्वांत दाट वस्तीच्या भागापासून. तिथे काही घडले नसते, तर तोच कार्यक्रम क्रमाक्रमाने इतर प्रदेशांत दाखवला गेला असता.

येथे कथाकार खरोखर चतुर आहे, आणि त्याच्या चातुर्याचे मर्म कान्तोच्या गणितात नाही. ‘दुष्ट’ हा एक शब्द लाइटला सहन होत नाही, हे ‘एल’ने त्याला न पाहता ओळखलेले आहे. सापळा तर्काचा असला तरी त्यात ठेवलेले आमिष अहंकाराचे आहे. जपानी रहस्यकथेत या सूत्राला वंशपरंपरा आहे. एदोगावा राम्पो यांच्या १९२५ सालच्या ‘मानसिक चाचणी’ या कथेत फुकिया नावाचा विद्यार्थी एका वृद्धेचा खून करतो आणि चौकशीत शब्दांच्या कसोटीला बसावे लागणार हे ओळखून आधीच तिचा सराव करतो. त्याची उत्तरे निर्दोष असतात, आणि हा निर्दोषपणाच अकेची या गुप्तहेराला खटकतो. राम्पोंच्या मागे दस्तयेवस्कीचा रास्कोल्निकोव उभा आहे हे उघड आहे. अपवादात्मक माणसाला सामान्य नीतीचे बंधन नाही, असा लेख लिहून हातात कुऱ्हाड घेणाऱ्या त्या विद्यार्थ्याचा लाइट हा दूरचा वारस म्हणता येईल. फरक एवढाच की रास्कोल्निकोवला रक्त दिसते. लाइटला केवळ शाई दिसते.

चाहते ज्या प्रसंगाचा दाखला हमखास देतात तो मात्र निराळा आहे. लाइटच्या घरात ‘एल’ने गुप्त कॅमेरे बसवलेले आहेत. लाइट बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटात चिमुकला दूरचित्रवाणी संच लपवतो, एका हाताने गणिते सोडवतो आणि दुसऱ्याने, वेफर उचलण्याच्या मिषाने, वहीच्या तुकड्यावर बातम्यांतली नावे लिहितो. पार्श्वभूमीला समूहगायन गर्जते, केस लाल रंगात न्हाऊन निघतात, लेखणी तलवारीसारखी फिरते. अराकी यांच्या दिग्दर्शनाची ही खास हातोटी आहे. विचार हा दृश्य नसतो. तो दृश्य करण्यासाठी ते वेग, रंग आणि योशिहिसा हिरानो व हिदेकी तानिउची यांचे संगीत वापरतात. हे प्रभावी आहे, यात वाद नाही. परंतु प्रसंग थंडपणे उलगडून पाहिला तर त्यातील बुद्धी एका हातचलाखीएवढीच भरते. ज्या तल्लखपणाचा आपल्याला भास झाला, त्यातला मोठा वाटा वादकांचा होता. ‘एल’च्या तोंडची टक्केवारीही त्याच जातीची. लाइट किरा असण्याची शक्यता पाच टक्के आहे असे तो म्हणतो, तेव्हा हे पाच कुठून आले हे कुणी विचारत नाही. आकड्यांना तर्काचा वेष चढवला की प्रेक्षकाची शंका आपोआप मान खाली घालते.

या वेफर्सच्या प्रसंगात आणखी एक गोष्ट घडते, जी मला दुसऱ्यांदा पाहतानाच जाणवली. त्या रात्री मरणारी माणसे किरकोळ गुन्ह्यांची आहेत. लाइटच्या स्वतःच्या न्यायसंहितेनुसारही त्यांना मृत्युदंड नव्हता. ती मरतात ती केवळ लाइटपाशी ‘मी तेव्हा अभ्यास करीत होतो’ असे म्हणण्याची सोय असावी म्हणून. ‘एल’ला ही विसंगती खटकते, पण पुरावा म्हणून. आपण प्रेक्षक तर वेफरवर हसत असतो.

येथून या कृतीच्या बुद्धीविषयीचा खरा प्रश्न सुरू होतो. लाइट ज्यांना मारतो ते गुन्हेगार आहेत, हे त्याला कसे कळते? दूरचित्रवाणीवरून आणि पोलिसांच्या नोंदींवरून. दाराच्या कडीची उंची आणि फटीत अडकवलेला कागद यांचा हिशेब ठेवणारा हा मुलगा बातमी खोटी असू शकते का, हा प्रश्न स्वतःला विचारीत नाही. त्याहून आश्चर्य म्हणजे ‘एल’ही विचारीत नाही. ‘खून तो खूनच’ एवढ्यावर त्याचा विरोध थांबतो. चुकीच्या माणसाचे नाव लिहिले गेले, ही शक्यता ३७ भागांत कथेला एकदाही वळण देत नाही.

हा प्रश्न जपानी लेखकाला सुचणे अवघड नव्हते. १९९४च्या जूनमध्ये मात्सुमोतो शहरात सारिन वायू सोडला गेला आणि सात माणसे दगावली. घटनेची पहिली वर्दी देणारे योशियुकी कोनो यांच्याच घराची पोलिसांनी झडती घेतली. तिथे काही रसायने सापडली, आणि वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने त्यांना जवळजवळ अपराधी ठरवून टाकले. त्यांची पत्नी त्याच वायूने कायमची अंथरुणाला खिळली होती. ती २००८ साली वारली. १९९५च्या मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडला गेल्यानंतरच हे कृत्य ओम शिन्रिक्यो पंथाचे होते हे उघड झाले. मधल्या नऊ महिन्यांत कोनो यांचे नाव घरोघर पोहोचलेले होते, आणि लाइटच्या वहीला नाव व चेहरा याखेरीज काहीही लागत नाही.

न्यायालयाच्या शिक्क्यानेही फार फरक पडला नसता. साकाए मेन्दा हे फाशीची शिक्षा झाल्यानंतर फेरखटल्यात निर्दोष सुटले, १९८३ साली. तोवर त्यांची तीन दशकांहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती. माजी मुष्टियोद्धे इवाओ हाकामादा १९६६ साली पकडले गेले, १९६८ साली त्यांना फाशी सुनावली गेली, २०१४ साली ते बाहेर आले आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये निर्दोष ठरले. हाकामादांचा शेवट मालिका झाली तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता हे खरे, पण मेन्दा व कोनो ठाऊक होते. चतुर कथाकाराने यांतल्या एकाची सावली जरी कथेवर पडू दिली असती, तर ‘एल’ला टक्केवारीची गरज राहिली नसती. लाइटचे सारे मनोराज्य चुकीने लिहिलेल्या एका नावाशी कोसळले असते. असा माणूस कथेत येत नाही, कारण तो आला की खेळ थांबतो. आणि ही कृती खेळ थांबवू इच्छीत नाही.

म्हणून ती निर्बुद्ध आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. मध्यंतरात एक असा कालखंड आहे की जिथे कथाकार आपल्याच नायकापेक्षा पुष्कळ शहाणा ठरतो. संशयातून सुटण्यासाठी लाइट वहीची मालकी सोडतो आणि नियमानुसार तिच्याविषयीची त्याची सर्व स्मृती पुसली जाते. आता एक निर्मळ, न्यायप्रिय तरुण ‘एल’च्या शेजारी, त्याच्याशी बेडीने जखडलेला, किराला शोधत बसतो. मिसा आमाने या मुलीचे आपल्यावर प्रेम आहे, त्याचा वापर करून तिच्याकडून माहिती काढावी ही ‘एल’ची सूचना तो फेटाळतो, कुणाच्या भावनांशी असे खेळणे आपल्याला जमणार नाही, असे तो सांगतो. वस्तुतः स्मृती गमावण्यापूर्वी त्याने मिसाशी नेमके हेच केलेले असते. दोन्ही लाइट खरे आहेत. मग खुनी कोण? तो मुलगा, की त्याच्या हाती आलेली अनिर्बंध सत्ता? दिसेनासे करणाऱ्या अंगठीची प्लेटोने सांगितलेली कथा याच प्रश्नाभोवती फिरते, आणि काही भागांपुरती ही मालिका त्या उंचीच्या जवळ जाते. पुढे हेलिकॉप्टरमध्ये वहीला हात लागतो, स्मृती परतते, मनगटावरच्या घड्याळाची कळ चार वेळा ओढताच खालचा कप्पा उघडतो, आणि आत वहीचा तुकडा! प्रेक्षक या योजनेच्या पूर्ततेने थक्क होतात. मला त्या क्षणी हानीची जाणीव झाली. एक माणूस नाहीसा झाला आणि त्याच्यासाठी कुणी, कथाकारानेही, क्षणभर थांबून पाहिले नाही.

‘एल’चा मृत्यू मात्र रचनेच्या दृष्टीने प्रामाणिक आहे. प्रिय माणसाचे आयुष्य वाढवण्यासाठी कुणाला मारले तर मृत्युदेवता स्वतः नष्ट होते, हे फार आधी सांगून ठेवलेले असते. रेम या मृत्युदेवतेच्या मिसावरील मायेचाच लाइट शस्त्रासारखा उपयोग करतो. येथे पुन्हा बुद्धी मनोव्यापारातून येते, यंत्रणेतून नव्हे. २००६च्याच ‘द लास्ट नेम’ या जपानी चित्रपटात शुसुके कानेको यांनी हा तिढा वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे ‘एल’ स्वतःच आपले नाव आधी वहीत लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याला ते लिहून काही साधता येऊ नये. जीव पणाला लावणारे हे उत्तर मला मूळ कथेपेक्षाही धारदार वाटते.

उत्तरार्धाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मूळ चित्रकथेची जवळजवळ अर्धी प्रकरणे येथे शेवटच्या बारा भागांत कोंबलेली आहेत. ‘एल’चे वारस निअर आणि मेलो बुद्धिमान आहेत हे आपण ऐकतो, अनुभवत नाही. निअरचा विजय ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट म्हणजे त्याच्या सहकाऱ्याने एका रात्रीत केलेली संपूर्ण वहीची हुबेहूब नक्कल. एवढी सवलत अर्नाळकरांच्या वाचकानेही लेखकाला दिली नसती. त्यातही लाइटचा घात होतो तो मिकामी या भक्तामुळे. हा सरकारी वकील आपल्या दैवताच्या आज्ञेची वाट न पाहता, तिला काय हवे असेल ते स्वतःच ठरवून मोकळा होतो. या तपशिलात एक चांगली कादंबरी दडलेली होती.

शेवटच्या भागात दिग्दर्शकाने मूळ कथेपासून घेतलेली फारकत मला महत्त्वाची वाटते. चित्रकथेत लाइट सर्वांदेखत गयावया करीत मरतो. मालिकेत तो गोळ्या लागलेल्या अवस्थेत गोदामातून निसटतो, मावळतीच्या उजेडात एकटाच चालत राहतो. वाटेत त्याला शाळेतून घरी परतणारा एक मुलगा दिसतो. तो वही सापडण्यापूर्वीचा लाइटच असतो. या वेळी पार्श्वभूमीला समूहगायन नाही, कुठे डावपेच नाहीत, टक्केवारी नाही. मुलगा आपल्या वाटेने निघून जातो, आणि हा पुढे जाऊन एका जिन्यावर कोसळतो.