कात्रीला कशाची भीती?

श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' २० फेब्रुवारी २०१५ रोजी लागला आणि आमच्या गावाचे नाव देशभर सुडाशी जोडले गेले. जुनी माणसे वेगळेच सांगतात: इथे वाटेवर घोडे बदलत, म्हणून बदलापूर. चित्रपटाला 'केवळ प्रौढांसाठी' असे प्रमाणपत्र होते, त्यामुळे गावातल्या शाळकरी पोरांना आपल्याच गावाच्या नावाचा सिनेमा थिएटरात पाहता आला नाही. त्यातली हिंसा पाहता ते योग्यच झाले. वयाची अट मला मान्य आहे. ती लावणाऱ्यांना दर काळात नेमकी कशाची धास्ती होती, हे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे.

१९१८चा कायदा आला, १९२०मध्ये मुंबईत सेन्सॉर मंडळ बसले. इंग्रजांची भीती सरळ होती. 'भक्त विदुर'मधला (१९२१) विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि कराचीत बंदी. शांतारामबापूंच्या 'स्वराज्याचे तोरण' या नावातला स्वराज्य शब्दच खटकला. चित्रपट 'उदयकाल' या नावाने लागला. १९३५मध्ये बालगंधर्वांनी संत एकनाथ रंगवले, त्या 'महात्मा'चा 'धर्मात्मा' करावा लागला. संताच्या चित्रपटाला महात्मा म्हणायची चोरी! आणि तीनच वर्षांनी अत्रे-विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या, तेव्हा कुजबूज झाली ती समाजात. मंडळाने ते दृश्य जाऊ दिले. देहापेक्षा देशाची भीती मोठी होती.

स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले. १९५२चा कायदा झाला, आणि चुंबनाच्या जागी दोन फुले एकमेकांवर डुलू लागली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्ये आपल्या लघुपटात घेतली. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७०मध्ये न्यायालयाने पूर्वतपासणी वैध ठरवली, पण लैंगिकता म्हणजे अश्लीलता नव्हे, हेही बजावले. ते दुसरे वाक्य मंडळांच्या कानावर कधी नीट पडलेच नाही.

नाटकाचा पहारा वेगळा, राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा. त्याच १९७०मध्ये तेंडुलकरांचे 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. गर्भपात सुचवणारा माणिकच्या साडीवरचा लाल डाग मंडळाला नको होता. लागूंनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असे प्रेक्षकांना आधीच सांगितले. मराठी सेन्सॉरशिपचा सगळा इतिहास मला त्या निळ्या डागात दिसतो. रक्त कशामुळे सांडले हा प्रश्न मागे राहिला आणि रंगावर घासाघीस झाली. दोन वर्षांनी 'सखाराम बाइंडर'वर कात्री चालली, तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या लढाईने खर्च आणि मनस्ताप किती दिला, ते त्यांचे 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता कात्री मंडळापुरती राहिलेली नाही. 'झेंडा', 'दशक्रिया' यांना मंडळाबाहेरच अडवायला लोक उभे राहिले. रवी जाधव यांचा 'न्यूड' २०१७मध्ये गोव्याच्या महोत्सवातून सरकारनेच काढला. पुढे मंडळाने तो एकही काट न सुचवता प्रौढांसाठी मंजूर केला. नोव्हेंबर २०२२मध्ये ठाण्यात 'हर हर महादेव'चा खेळ बंद पाडला गेला. प्रमाणपत्र खिशात असूनही पडदा अंधारतो, ही मला सेन्सॉरपेक्षा घातक गोष्ट वाटते. मंडळाविरुद्ध निदान दाद मागता येते.

आणि या सगळ्यात मुलांचे काय? र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये लैंगिक ज्ञान उघडपणे मांडत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्वे खटला हरले. अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व'मध्ये (२००१) हा माणूस पडद्यावर आणला. रवी जाधवांच्या 'बालक-पालक'ने पोरांची उत्सुकता आईबापांपुढे हसत मांडली. पण २०२३मध्ये 'ओएमजी २', शाळेत लैंगिक शिक्षण द्या असे कळकळीने सांगणारा चित्रपट, प्रौढांसाठी ठरला. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, ती मुले बाहेर.

पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०२४ला, आमच्या बदलापुरात माणसे तासन् तास रुळांवर बसली. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला होता. चित्रपटाने तो टळला असता, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण त्या दिवसांत जे शब्द घरात कुणी उच्चारत नव्हते, ते भर रस्त्यावर, आयांच्या तोंडून ऐकले. अंगाला कुणी आणि कसा हात लावू नये ते लहानग्यांना सांगायचे कसे, हे तेव्हा घाईघाईने शोधले जात होते. शंभर वर्षे आपण दृश्ये कापण्यात घालवली. हे बोलायला कुणी शिकवले नाही.

२०२३च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे टप्पे झाले आहेत, आणि त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचे की नाही हे पालकांनी ठरवायचे आहे. देहाविषयी जबाबदारीने बोलणारे चित्रपट मंडळाने त्या टप्प्यांत बसवावेत. आणि ते आले, तर आईबापांनो, मुलांना सोबत घेऊन जा. परतताना गाडीत त्यांना काय समजले, ते विचारा.