परीटघडी मोडणारे शिलेदार

राजवाड्याच्या धोबीखान्यात फ्रान्सची राणी अ‍ॅन आणि इंग्लंडचा ड्यूक ऑफ बकिंगहॅम चोरून भेटतात. भोवती ओली वस्त्रं, साबणाचं पाणी, वाफ. तेवढ्यात कार्डिनल रिशल्यूच्या शिपायांची धाड येते आणि त्या ओल्या कापडांच्या गर्दीतच तलवारी चालू लागतात. पाय घसरतात, पिळलेली चादर हत्यार होते, राजकारणातली नाजूक भेट बघता बघता चिखलपाण्याची झटापट होऊन बसते. रिचर्ड लेस्टर यांच्या १९७३ सालच्या ‘द थ्री मस्केटिअर्स’चा सगळा स्वभाव मला या एका प्रसंगात दिसतो. पोशाखी साहसपटांमधले वीर एरवी परीटघडीच्या कपड्यांत येतात आणि परीटघडीतच परत जातात. लेस्टर त्यांना थेट धोबीखान्यातच लढायला लावतात.

गंमत म्हणजे या प्रसंगाचं बीज अलेक्झांद्र द्युमा यांच्या मूळ कादंबरीतच आहे. कथानायक दार्तान्याँ जिच्यावर जीव टाकतो ती कॉन्स्टन्स बोनासिए राणीच्या वस्त्रागारात काम करते आणि तिच्याच मदतीने बकिंगहॅम राजवाड्यात शिरतो. द्युमांनी ही भेट लुव्ह्रच्या आडवाटेच्या दालनात ठेवली. पटकथाकार जॉर्ज मॅकडॉनल्ड फ्रेझर यांनी कॉन्स्टन्सच्या कामाचा धागा पुढे ओढला आणि भेट कपडे धुण्याच्या जागेवर नेली. मजकुरापासून दूर न जाता मजकुरातूनच नवं काही काढणं ते हेच. हा चित्रपट कादंबरीची टवाळी करतो असं समजणाऱ्यांनी एकदा कादंबरी पुन्हा उघडावी.

१८४४ साली ‘ल सिएक्ल’ या पॅरिसच्या दैनिकात ही कथा क्रमशः येत होती. ओग्यूस्त माके हे द्युमांचे सहकारी होते. कथा सुरू होते १६२५च्या एप्रिलमध्ये आणि नायकाच्या फजितीनेच. गॅस्कनीहून निघालेला अठरा वर्षांचा पोरगा, पिवळट रंगाचं म्हातारं घोडं, त्या घोड्याला कुणीतरी हसतं म्हणून भांडण आणि शेवटी बेशुद्ध पडेपर्यंत मार. पॅरिसला पोचल्यावर तो एकाच दिवशी तीन मस्केटिअरांशी द्वंद्वं ओढवून घेतो: आथोसच्या दुखऱ्या खांद्याला धक्का लागला म्हणून, पोर्थोसचा जरीचा पट्टा फक्त पुढूनच जरीचा आहे हे कळलं म्हणून, आणि आरामिसला अडचणीत आणणारा रुमाल उचलून दिला म्हणून. शूरांना हसण्याची मुभा द्युमांनीच आधी दिली आहे.

पडद्यावर मात्र ही मुभा फार कमी वेळा घेतली गेली. १९२१ साली डग्लस फेअरबँक्स आणि १९४८ साली जीन केली दार्तान्याँ झाले. दोघेही मोठे, दोघांच्याही अंगात लय अशी की पाऊल चुकायचंच नाही. लेस्टर यांचा दार्तान्याँ, मायकेल यॉर्क, चुकतो. त्याचा उत्साह त्याच्या कौशल्याच्या चार पावलं पुढे धावतो. त्याच्या डोळ्यांत भाबडं तेज आहे आणि दर वेळी तोंडघशी पडल्यावर ते आणखी उजळतं. म्हणून तो जिंकतो तेव्हा आपल्यालाही काहीतरी कमावल्यासारखं वाटतं.

तलवारबाजीची रचना विल्यम हॉब्स यांची आहे आणि माझ्या लेखी ती या चित्रपटाची सर्वांत मोठी कामगिरी आहे. इथे तलवारीला वजन आहे. लढणाऱ्याचा श्वास फुलतो, मनगट भरून येतं, घाव घालताना तोंडातून हुंकार निघतो. कोपर, लाथ, अंगरखा, हाताला लागेल ती वस्तू, सगळं कामाला येतं. ऑलिव्हर रीड यांचा आथोस तर लढतो की आतलं काही जाळून टाकतो असा प्रश्न पडावा, इतका जोर त्याच्या प्रत्येक फटक्यात आहे. इंग्लंडच्या वाटेवर काळोख्या रात्री दार्तान्याँ आणि कार्डिनलचा हस्तक रोशफोर (ख्रिस्तोफर ली) समोरासमोर येतात, तेव्हा दोघांच्या हातांत झडपेचे कंदील असतात. झडप उघडली की शत्रू दिसतो, पण आपणही दिसतो. मिटली की दोघेही आंधळे. इतक्या साध्या युक्तीतून उजेड हेच शस्त्र होतं आणि प्रेक्षक हसता हसता श्वास रोखून धरतो.

शौर्याला पोट असतं, हेही लेस्टर विसरत नाहीत. खिशात दमडी नसलेले हे चौघे एका खानावळीत खोटं भांडण उकरून काढतात; तलवारींचा खणखणाट चालू असतो आणि त्या गदारोळात खाण्यापिण्याच्या वस्तू पद्धतशीर लंपास होत असतात. मराठी फौजेतल्या शिलेदाराला घोडा आणि हत्यार पदरचं आणावं लागे, तशीच ला रोशेलच्या मोहिमेआधी सरंजाम जमवताना द्युमांच्या मस्केटिअरांचीही ओढाताण होते. ही तंगी कादंबरीत पानोपानी आहे. बहुतेक चित्रपटांनी ती गाळली. लेस्टर यांनी तिचा नाच केला.

आणि मग कडेला उभी असलेली माणसं. पालखी-खुर्ची उचलणारे भोई, नोकर, हरकामे यांची पुटपुट ध्वनिपट्टीवर सतत ऐकू येते. कुणी ओझ्याबद्दल कुरकुरतो, कुणी मालकाबद्दल. राजवाड्याच्या हिरवळीवर बुद्धिबळाचा पट मांडलेला आहे आणि मोहऱ्यांच्या जागी सजवलेली कुत्री उभी आहेत. झां-पिएर कासेल यांचा तेरावा लुई असल्या खेळांत रमतो. वरची श्रीमंती आणि खालची दमछाक एकाच चौकटीत बसवताना लेस्टर कुठेही भाषण देत नाहीत. डेव्हिड वॉटकिन यांचं छायालेखन स्पेनमधल्या खऱ्या वास्तूंवर उजेड असा पसरवतं की जुनं तैलचित्र जागं झाल्यासारखं वाटतं, आणि त्या चित्रात कोपऱ्यातला हमालसुद्धा स्पष्ट दिसतो.

नटांची निवड अशीच नेमकी. चार्ल्टन हेस्टन यांनी रिशल्यूला आवाज चढवू दिलेला नाही. हा माणूस थंडपणे हिशेब करतो आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. फे डनवे यांची मिलेडी, कार्डिनलची हेर, राणीने बकिंगहॅमला दिलेल्या हिऱ्यांच्या दागिन्यातले दोन खडे कापून नेते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. कॉन्स्टन्सच्या भूमिकेत रॅक्वेल वेल्च यांनी धडपडण्याचा विनोद इतक्या निरागसपणे केला की त्यांना गोल्डन ग्लोब मिळालं. तिचा नवरा बोनासिए झालेत स्पाइक मिलिगन. १९१८ साली अहमदनगरला जन्मलेला आणि बालपणीची काही वर्षं पुण्यात काढलेला हा अफाट विनोदवीर कार्डिनलच्या दोन गोड शब्दांनी विरघळून बायकोविरुद्ध हेर बनतो. भित्र्या माणसाला सत्तेने नुसतं ‘मित्रा’ म्हटलं तर काय होतं, हे मिलिगन हसवत हसवत दाखवतात.

चित्रपटात उणं आहे. पोर्थोस आणि आरामिस यांना पुरेशी जागा मिळत नाही. फ्रँक फिन्ले आणि रिचर्ड चेंबरलेन यांच्यासारखे नट हाताशी असताना ही चुटपुट लागते. कॉन्स्टन्सचं अडखळणंही दोनदा कमी चाललं असतं.

पण या हास्याचा खरा कस लागतो तो १९७४च्या ‘द फोर मस्केटिअर्स’मध्ये. साल्काइंड पितापुत्र या निर्मात्यांनी एकाच चित्रीकरणातून दोन चित्रपट काढले. कलाकारांनी दावे लावले आणि असं पुन्हा घडू नये म्हणून करारांत घालायच्या कलमाला ‘साल्काइंड कलम’ हे नाव पडलं. व्यवहार म्हणून ते गैरच होतं, पण कलाकृती म्हणून जे हाती आलं ते विलक्षण आहे. पहिल्या भागाचा शेवट हिरे राणीकडे वेळेवर पोचून आनंदात होतो. दुसऱ्या भागात मिलेडी कॉन्स्टन्सचा जीव घेते आणि जिच्यावर आथोसने कधीकाळी प्रेम केलं त्या मिलेडीचा शिरच्छेद होतो. तीच माणसं, तेच कपडे, तीच धापा टाकणारी तलवारबाजी. आता मात्र प्रत्येक घाव लागतो. पहिल्या भागात लेस्टर यांनी या वीरांना घाम, भूक आणि ठेच दिली नसती, तर दुसऱ्या भागातलं त्यांचं दुःख आपल्याला परकं राहिलं असतं. हे दोन्ही भाग लागोपाठ पाहावेत. पडणाऱ्या, दमणाऱ्या, उपाशी माणसाने मित्रासाठी पुन्हा तलवार उचलणं याहून मोठं शौर्य द्युमांनाही अभिप्रेत नव्हतं.