फंकच्या ठेक्यात ट्रम्पेटची जागा

1973 साली कीबोर्डवादक हर्बी हॅनकॉकने आपला ‘म्वांदिशी’ हा ताफा मोडला आणि त्याच वर्षी ‘हेड हंटर्स’ ही तबकडी काढली. ती लाखोंनी खपली. जॅझ फंककडे वळले ते या तबकडीमुळे, असे नेहमी सांगितले जाते; तिच्यात ट्रम्पेट नाही, याचा उल्लेख क्वचितच होतो. जुन्या ताफ्यातला सॅक्सोफोनवादक बेनी मॉपिन हॅनकॉकसोबत राहिला. ट्रम्पेटवादक एडी हेंडरसनला नव्या संगीतात जागा नव्हती.

अडचण खरी होती. जॅझमधला ट्रम्पेट श्वासावर, लांबवलेल्या सुरावर आणि दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेवर जगतो. फंकमध्ये दर आवर्तनाची सम ठासून वाजते, आणि बास, गिटार व ड्रम्स मधली सगळी जागा बारीक तुकड्यांनी भरून टाकतात. अशा संगीतात ट्रम्पेटला सहसा एकच काम मिळते: इतर फुंकवाद्यांसोबत मोक्याच्या जागी दणका द्यायचा आणि गप्प बसायचे. माइल्स डेव्हिसने ‘ऑन द कॉर्नर’मध्ये (1972) वा-वा पेडल लावून ट्रम्पेटला जवळजवळ गिटारच केले. शेजारी बादल रॉयचा तबला आहे, सतार आहे. पण तरुण कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी काढलेली ती तबकडी त्या वेळी त्यांच्यापर्यंत फारशी पोहोचलीच नाही. उलट डोनाल्ड बर्डची ‘ब्लॅक बर्ड’ (1973) ‘ब्लू नोट’ कंपनीची तोवरची सर्वाधिक खपलेली तबकडी ठरली. तिची बांधणी मिझेल बंधूंची; बर्डचा ट्रम्पेट तिथे अनेक रंगांपैकी एक रंग उरतो. मला ते संगीत आवडते, पण ते ट्रम्पेटचे संगीत नाही.

हेंडरसन या सगळ्यांत वेगळा, कारण पैशासाठी वाट बदलली हा नेहमीचा आरोप त्याला सहज चिकटत नाही. लहानपणी लुई आर्मस्ट्राँगकडून पहिले धडे घेतलेला हा वादक 1968 साली हॉवर्ड विद्यापीठातून डॉक्टर झाला होता, आणि सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत वैद्यकीचा व्यवसायही करत होता. तेव्हा त्याच्या वळणाचा जाब संगीतालाच विचारायला हवा.

‘रिअलायझेशन’ आणि ‘इनसाइड आउट’ या पहिल्या दोन तबकड्या म्हणजे म्वांदिशीचाच विस्तार. हॅनकॉक, मॉपिन, बस्टर विल्यम्स, बिली हार्ट तेच. त्यात सिंथेसायझरचे धुके आणि त्यातून वाट काढणारा ट्रम्पेट. 1975च्या ‘सनबर्स्ट’मध्ये जमीन पायाखाली आली, जॉर्ज ड्यूकचे कीबोर्ड आले, ठेका पक्का झाला. पण खरी कमाई ‘हेरिटेज’मध्ये (1976) आहे. इथे हेंडरसन ठेक्याशी स्पर्धा करत नाही. खाली बास धावत असतो आणि वर तो एकच सूर धरून ठेवतो. इकोमुळे त्या सुराच्या कडा विरघळत जातात. वेगवान संगीतात विलंबित वृत्तीने वाजवायचे, हा तोडगा त्याने काढला. माइल्सचा ठसा त्यावर आहेच, पण हा माइल्स नाही. यातली हळवी बाजू हेंडरसनची स्वतःची आहे.

पुढे तो कॅपिटॉल कंपनीकडे गेला आणि हा तोडगा हातातून निसटू लागला. ‘कमिंग थ्रू’मध्ये (1977) गायक पुढे आले. ‘महाल’ (1978) मला अजूनही अर्धी जिंकलेली लढाई वाटते. तिच्यातले ‘प्रान्स ऑन’ ब्रिटनमध्ये गाजले, त्याचा ठेका कुणालाही उठवेल. तरी ट्रम्पेट काढून टाकला तर त्याचे फार बिघडणार नाही. त्याच तबकडीतले हॅनकॉकचे ‘बटरफ्लाय’ ऐका: तिथे ट्रम्पेटविना काहीच उरत नाही. ‘रनिंग टू युअर लव्ह’ (1979) मात्र डिस्कोच्या पूर्ण आहारी गेली. नाचायला लावते म्हणून ती कमी प्रतीची नाही. वादकाला करायला काही ठेवत नाही म्हणून आहे. खपाच्या मागे लागणे आणि वाद्याला मुके करणे हे दोन वेगळे दोष आहेत. समीक्षकांनी ते एकत्र करून ‘हेरिटेज’वर अन्याय केला.

हेंडरसन पुढे ध्वनिक जॅझकडे परतला आणि ऐंशीव्या वर्षानंतरही तबकड्या काढत राहिला. नव्या श्रोत्याने ‘हेरिटेज’पासून सुरुवात करावी, मग मागे ‘रिअलायझेशन’कडे जावे. ‘महाल’ त्यानंतर ऐकावी आणि तिथे थांबावे.