बूमखालची सावली

लहान शिडाच्या होडीसाठी छत बेतणारा कसबी कारागीर ऊन नंतर बघतो, आधी बूम बघतो. शिडाच्या तळाची ही आडवी दांडी होडी वळताना कॉकपिटवरून सपकन पलीकडे जाते. ती आणि बसलेल्यांची डोकी यांच्यामध्ये उरेल तेवढीच जागा छताची. फ्रँक बटलर यांनी आखलेली कॅटलिना २२ ही होडी घ्या. लांबी साडेसहा मीटर, सुकाणूला चाक नाही, दांडा. शीड आवळायची दोरी बूमच्या टोकाकडून थेट होडीच्या मागच्या कडेला उतरते, म्हणून कॉकपिटवर सलग छत घालता येतं. जिथे ही दोरी मधोमध उतरते, तिथे एकतर छताचे दोन तुकडे करा, नाहीतर नांगर टाकल्यावरच ते बांधा.

खरी नजर लावावी ती कापडाच्या कडेवर. चांगल्या छताची कड सरळ नसते, दोन टोकांमध्ये आत झुकलेली असते. नवख्याला वाटतं, कापड कमी पडलं! पण या बाकामुळेच कडेच्या पट्टीवरचा ताण कापडभर पसरतो. सरळ कापलेली कड वाऱ्यात फडफडत राहते आणि फडफडीने शिवण उसवते. चार बोटं सावली सोडून देणारी ती कात्री मला फार आवडते. दोराही बघावा. साधा पॉलिएस्टरचा दोरा उन्हाने कापडाच्या आधी कुजतो, म्हणून जाणकार महागडा पीटीएफईचा दोरा घेतात.

छत उंच असलं की ऐसपैस वाटतं, पण सूर्य ४५ अंशांवर उतरला की कापड जितकं उंच तितकीच सावली बाजूला सरकते. बसायच्या बाकापासून एक मीटर उंचीचं छत असेल, तर एका बाकावरचे लोक उन्हातच. त्यामुळे डोक्याला लागणार नाही इतपत खाली आणलेलं छत मला जास्त पटतं. कापड वरून फिकट, आतून गडद असावं. पांढऱ्या अस्तराखाली पाण्यावरून उसळलेल्या उजेडाने डोळे दिपतात.

सुकाणूवाल्याला शीड दिसावं म्हणून छतात पारदर्शक प्लास्टिकची खिडकी ठेवतात. ती पिवळी पडते, तिच्यावर ओरखडे उठतात. तरी मान वाकडी करून बाहेर डोकावण्यापेक्षा ती बरी. वारा वाढला की मात्र छत उतरवायलाच हवं, कारण तेही वारा धरतं. दोन्ही बाजूंना एकाच बिजागरीवर फिरणाऱ्या स्टीलच्या कमानी, पुढचे पट्टे सोडले की मागे निजतात. त्या पट्ट्यांची बकलं सुकाणू न सोडता हाताला लागतात का, हे मी विकत घेण्याआधी बसून बघेन.