वही मागणारी बाई

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आलं, तेव्हा लेखिकेचं वय सत्तावन्न होतं. त्याआधी ते 'स्त्री' मासिकात क्रमशः छापून आलं होतं. मजकूर मात्र त्याहून कितीतरी जुना. लिहिलेली पानं नवऱ्याच्या आणि मुलांच्या नजरेला पडू नयेत म्हणून बेबीताईंनी ती वीसेक वर्षं घरातल्या कानाकोपऱ्यांत दडवून ठेवली होती. फलटणमधलं छोटंसं दुकान, पुड्या बांधायला आलेली रद्दी, त्या रद्दीतलं वाचन, आणि गिऱ्हाईक नसेल त्या वेळात लिहिणं. पानं लपवणारी ही बाई घाबरट नव्हती. आंबेडकरी चळवळीत ती वाढली होती आणि पुढे फलटणजवळ निंबुऱ्याला तिने वंचित मुलांसाठी निवासी शाळा चालवली. सभेत उभं राहायला न भिणारी बाई स्वतःच्या हस्ताक्षराला भीत होती.

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. चळवळीने लिहितं केलं, शिक्षणाने लिहितं केलं, नियतकालिकांनी जागा दिली, हे त्यात येतं आणि ते खरंच आहे. पण लपवलेलं पान आणि छापलेलं पान यांच्यामध्ये एक सांधा असतो, त्याची दखल आपली समीक्षा फारशी घेत नाही. प्रस्तावनेतल्या ऋणनिर्देशाच्या एका ओळीवर तो भागवला जातो. माझं म्हणणं असं की हा सांधा पुस्तकाच्या अंगावर खुणा ठेवतो. कुणी मागितलं, काय म्हणून मागितलं आणि काय विचारलं नाही, यावर पुस्तकात काय आलं आणि काय राहिलं हे बरंचसं ठरतं.

'जिणं आमुचं'च्या बाबतीत मागणारी बाई होती मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या या भाषाभ्यासक बाईंनी लेखनाचा सुगावा लागल्यावर ते बाहेर काढण्याचा आग्रह धरला. त्यांच्या आस्थेचा उल्लेख सगळे करतात. मला त्यांचा कान अधिक महत्त्वाचा वाटतो. फलटणच्या बोलण्यातली विविधता हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. कोणत्या आळीत, कोणत्या जातीत, शिकलेल्या आणि न शिकलेल्या घरांत मराठी कशी बदलते, हे त्या कित्येक वर्षं ऐकत आल्या होत्या. पांढरपेशा वाचकाला जी भाषा 'अशुद्ध' वाटली असती, ती त्यांच्या लेखी एक पुरी भाषा होती. बेबीताईंच्या वहीला अशी वाचक मिळाली, जिला वही हातात घेतल्यावर पेन शोधावंसं वाटलं नाही. उत्तेजन म्हटलं की आपल्याला पाठीवरची थाप आठवते. इथे 'दाखवा' म्हणणं आणि पुढे त्या भाषेला हात न लावता वाचणं, एवढंच उत्तेजन होतं, आणि ते पुरलं.

आता पुस्तकाकडे. 'जिणं आमुचं' या नावातच 'आमुचं' आहे. वीरगावचा महारवाडा, आषाढातलं अंगात येणं, बाळंतिणीची उपासमार, सासूच्या हाताखाली भाकरी थापणारी कोवळी सून, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा, हे सगळं बेबीताई हात न आखडता लिहितात. आपल्या समाजातल्या पुरुषांनाही त्या सोडत नाहीत. पण स्वतःचा संसार? तो पुस्तकात जवळजवळ नाही. लग्न येतं, आणि पुढची वर्षं 'आम्ही'मध्ये विरघळून जातात.

याचं रूढ स्पष्टीकरण असं की हे समूहाचं आत्मकथन आहे, यात 'मी'ला जागा नाही. खुद्द बेबीताईंनीही स्वतःच्या दुःखापेक्षा समाजाचं दुःख मोठं मानल्याचं सांगितलं आहे. त्यांच्या शब्दावर शंका घेण्याचा मला अधिकार नाही. पण माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ मध्ये आला, आणि त्याला त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत जोडली आहे. त्या मुलाखतीत पंडितांनी थेट विचारलं, आणि मराठी पुस्तकात नसलेलं ते सगळं आलं. नवऱ्याचा संशय, मारहाण, लेखन का लपवलं, किती वर्षं लपवलं. म्हणजे 'मी' संपला नव्हता. तो विचारण्याची वाट पाहत होता. पहिल्या बाईने वही मागितली, तेव्हा 'आम्ही' बाहेर आला. दुसरीने वहीत काय नाही ते विचारलं, तेव्हा 'मी' बाहेर आला. मधे वीसेक वर्षं गेली. म्हणून मी हे पुस्तक वाचायचं ते त्या मुलाखतीसह, असं धरून चालते. मुलाखत हे परिशिष्ट नव्हे, ते शेवटचं प्रकरण आहे. मराठी वाचकाला ते इंग्रजीतून वाचावं लागतं, ही आपल्यासाठी काही फार भूषणाची गोष्ट नाही.

प्रत्येकीला अशी बाई लागतेच असं नाही. शांताबाई कांबळे १९८१ साली नोकरीतून निवृत्त झाल्या आणि मग 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. ती आधी 'पूर्वा' मासिकात आली आणि बेबीताईंच्याच वर्षी पुस्तक झाली. त्या शिक्षिका होत्या, आणि कवी अरुण कांबळे त्यांचे चिरंजीव, म्हणजे साहित्याचं दार घरातच होतं. त्यांचं लेखन लपवलेलं वाटत नाही. त्यातला 'मी' सुरुवातीपासून सरळ उभा आहे.

उर्मिला पवारांचं उदाहरण याच्या उलट बाजूने बघण्यासारखं आहे. १९८९ मध्ये त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासह 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या दारी जाऊन, त्यांच्याकडून आठवणी मागून. इथे दोघी मिळून 'मागणाऱ्या बायका' झाल्या. उर्मिलाताई तेव्हा कथालेखिका होत्याच, 'सहावं बोट' आलेलं होतं. पण स्वतःची आत्मकथा, 'आयदान', आली २००३ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. मधल्या चौदा वर्षांचा हिशेब मला देता येणार नाही. एवढं दिसतं की 'आयदान'मध्ये जे 'जिणं आमुचं'मध्ये नाही ते आहे. नवरा-बायकोतला ताण, बायकोच्या शिकण्याची आणि सभांना जाण्याची घरातल्यांना होणारी अडचण, हे तिथे उघड आहे. दुसऱ्या बायकांच्या कहाण्या कागदावर उतरवता उतरवता कोणता प्रश्न विचारायचा हे कळतं, आणि मग तो स्वतःलाही विचारता येतो, असं मला वाटतं. पुरावा म्हणून एवढाच, की 'आमुचं'पासून 'माझं'पर्यंतचं अंतर त्यांनी एकटीने कापलं नाही. बायकांच्या बैठका, मंडळं, मैत्रिणी यांची ये-जा त्या पुस्तकभर आहे.

हा सांधा काही दलित लेखिकांपुरता नाही. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, दुसऱ्या बाईचं आयुष्य नीट मांडून ठेवलं. स्वतःचं आत्मचरित्र मात्र अपुरं राहिलं. त्या १९४८ मध्ये गेल्या. नंतर काही दशकांनी सरोजिनी वैद्यांनी ते कागद मिळवून, संपादून छापले. तिथे वही मागायला बाई आली तेव्हा वही लिहिणारी नव्हती.

हे सगळं मी तटस्थपणे लिहू शकत नाही, त्याचं कारण सांगायला हवं.

२०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं साहित्य संमेलन झालं. बेंबळीहून आम्ही चारपाच बायका एका जीपने गेलो होतो. येताना एकजण माझ्या शेजारी बसली होती, पन्नाशीची, सातवीपर्यंत शिकलेली. चार दिवसांनी ती दोनशे पानी वही घेऊन घरी आली. "ताई, काय काय लिवलंय, बगा जरा. कुणाला दावलं न्हाई आजून." त्याच महिन्यात माझा स्वतःचा एक लेख एका नियतकालिकाने परत पाठवला होता. लेखिकेची शैक्षणिक पात्रता कळवलेली नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. मी बारावी नापास. पात्रतेचा तो घाव ताजा होता, आणि मी काय केलं असेल? तिच्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने काढल्या. पहिल्या चाळीस पानांत एक ओळही कोरी सोडली नाही. वही परत दिली तेव्हा मी बऱ्यापैकी खूश होते, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो म्हणून.

आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्ताईने विचारलं, यातली कच्ची मडकी कोणती? काकांनी थापटणं घेतलं, एकेका संताचं डोकं ठोकून पाहिलं, आणि नामदेव कच्चे ठरले. पण त्या गोष्टीत नामदेवांना पुढे विसोबा खेचर भेटले. मी थापटणं मारलं आणि पुढची वाट सांगितलीच नाही. ती बाई वहीचं पुन्हा कधी बोलली नाही. रस्त्यात भेटली की पाऊसपाण्याचं बोलायची.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा 'जिणं आमुचं' तिसऱ्यांदा वाचलं आणि ती मुलाखतही. मग श्रावणात एका सकाळी तिच्या घरी गेले. ती शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, ती वही मला पुन्हा वाचायला हवी आहे. पेन आणलेलं नाही.

तिने सूप बाजूला सरकवलं. म्हणाली, "ती व्हय? माळ्यावर असंल. उंदरानं ठिवली आसली तर बगते." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "दुसरी हाय एक. ती अर्धीच झाली."

मी म्हटलं, अर्धी चालेल.