चोरबोलीचा कोश कोणाचा? : रामासी, नंदभाषा आणि भूमिकाखेळातील गुप्त भाषा

भाषाभ्यासात गुप्त भाषेचा विचार बहुधा परिशिष्टात होतो. व्याकरण झाले, कोश झाला, बोलींची पाहणी झाली, की उरलेल्या जागेत 'सांकेतिक बोली' या शीर्षकाखाली दोनचार पाने खर्ची पडतात. कल्पित साहित्यात मात्र तिला फार वरचे स्थान आहे. गेल्या पन्नास वर्षांत तिला आणखी एक आश्रयस्थान मिळाले, ते म्हणजे भूमिकाखेळ. चारपाच खेळाडू एका काल्पनिक जगातील पात्रांच्या भूमिका घेतात, एक सूत्रधार त्या जगाचे नियम सांभाळतो, आणि बोलण्यातून कथा घडत जाते. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून हा प्रकार रूढ झाला. अशा खेळासाठी एखाद्या टोळीची, पंथाची वा चोरांची गुप्त भाषा रचणे हा खेळाडूंचा आवडता उद्योग आहे. हा उद्योग समीक्षेने दखल घ्यावी इतका गंभीर आहे काय, असे कोणी विचारील. भाषा रचणारा माणूस नकळत एक कोश समोर ठेवून रचत असतो आणि तो कोश मुळात कोणी, कोणासाठी लिहिला होता हा प्रश्न समीक्षेचाच आहे, एवढे उत्तर येथे पुरेसे आहे.

खेळाच्या नियमांत या भाषांची कल्पना सुरुवातीपासून आहे. १९७४ च्या नियमांत धर्म, अधर्म आणि तटस्थता या तीन पक्षांना स्वतंत्र भाषा दिलेल्या होत्या. पुढच्या नियमांनुसार पात्राने पक्ष बदलला की त्याला जुनी भाषा त्या क्षणी विसरावी लागते! भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना हास्यास्पद आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने ती तितकी हास्यास्पद नाही, कारण तीत भाषा म्हणजे ज्ञान नसून सदस्यत्व आहे. सत्तरच्या दशकाअखेरीस चोराच्या पात्राला 'चोरांची बोली' मिळाली आणि ती आजही टिकून आहे. हिच्यामागे इंग्लंडमधील सोळाव्या शतकातल्या भटक्यांच्या आणि भामट्यांच्या बोलीची परंपरा आहे. ती परंपरा आपल्याला माहीत झाली ती टॉमस हार्मनसारख्या लेखकांच्या शब्दसूचींमुळे. आणि हार्मन हा सभ्य गृहस्थांना भामट्यांपासून सावध करण्यासाठी लिहीत होता.

गुप्त भाषेची रचना त्रिकोणी असते. बोलणारा आणि ऐकणारा हे दोघे कोणत्याही भाषेत असतात. गुप्त भाषेला तिसरा लागतो : जो तेथे हजर आहे, ज्याच्या कानावर शब्द पडतात, पण ज्याला अर्थ लागत नाही. हा तिसरा उठून गेला तर गुप्त भाषेचे प्रयोजनच संपते. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७६ मध्ये 'प्रतिभाषा' ही संकल्पना मांडली, तेव्हा इंग्लंडमधील भटक्यांची बोली, पोलंडच्या तुरुंगांतील बोली आणि भक्तिप्रसाद मल्लिक यांनी अभ्यासलेली बंगालच्या गुन्हेगारी जगाची बोली ही उदाहरणे त्यांच्यासमोर होती. त्यांचे मुख्य निरीक्षण असे, की प्रतिभाषा व्याकरण मूळ भाषेचेच ठेवते आणि शब्द बदलते. तेही सर्व शब्द नव्हे, तर त्या समूहाच्या जिव्हाळ्याच्या व्यवहारातले तेवढेच. हॅलिडे प्रतिभाषेत पर्यायी समाजाचे वास्तव पाहतात आणि ते योग्यच आहे. मात्र या बोलींची नोंद ज्या हातांनी केली त्या हातांकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रतिभाषेचा कोश बहुधा त्या तिसऱ्याने लिहिलेला असतो.

याचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण आपल्या अगदी जवळून जाते. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहराच्या पश्चिमेला खाम नदीपलीकडे जी छावणी आहे, तिची जडणघडण निजामाच्या चाकरीतील, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेशी निगडित आहे. याच फौजेत १८२४ मध्ये नेमणूक होऊन फिलिप मेडोज टेलर हा सोळा वर्षांचा मुलगा औरंगाबादला आला. पुढे निजामाच्या मुलखात पोलीसकाम करताना त्याचा ठगांच्या प्रकरणांशी संबंध आला आणि १८३९ मध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या तीन वर्षे आधी, १८३६ मध्ये, विल्यम स्लीमन याचा 'रामासीयाना' हा ग्रंथ कलकत्त्यात निघाला होता. त्यात ठगांच्या 'रामासी' नावाच्या बोलीचा शब्दसंग्रह आहे आणि तो माफीच्या साक्षीदारांकडून, म्हणजे फाशी टाळण्यासाठी बोलणाऱ्या कैद्यांकडून, मिळवलेला आहे. छावणी या शब्दाला येथे एक वेगळाच सूर लागतो. तुर्की 'ओर्दू' म्हणजे लष्करी तळ, आणि उर्दू हे भाषानाम त्यावरूनच आले. वली आणि सिराज यांच्या शहरात छावणीचे नाव असलेली भाषा काव्याच्या शिखरावर होती. टेलर मात्र पुढे दुसऱ्याच भाषेचा कादंबरीकार झाला.

रामासी ही भाषा होती काय? स्लीमनचा संग्रह चाळला तर क्रियापदांचे प्रत्यय, विभक्ती, वाक्यरचना हे सगळे हिंदुस्थानीचे दिसते. निराळे आहेत ते धंद्यातले शब्द : गळा आवळणारा 'भुरटोट', भुलवून आणणारा 'सोथा', खड्डे खणणारा 'लुगा'. ज्याला मारायचे तो प्रवासी 'बनिज'. हा शब्द मराठी कानाला परका नाही. वाणिज्याचाच तो भाऊबंद. माणसाला 'माल' म्हणणे यातली क्रूरता खरी आहे, पण ती व्यापारातून उसनी घेतलेली क्रूरता आहे, हेही नजरेआड करता येत नाही. एखाद्या धंद्याची परिभाषा आणि एखाद्या टोळीची भाषा यांतील अंतर येथे शब्दसूचीच्या मुखपृष्ठावर ठरते. सुतारांच्या शब्दांना कोणी 'विलक्षण भाषा' म्हणत नाही.

टेलरच्या कादंबरीचे वाचन याच मुद्द्यापासून सुरू करावे लागते. तिचा निवेदक अमीर अली कैदी आहे आणि तो एका साहेबाला आपली हकिगत सांगतो आहे. त्याने रामासी शब्द उच्चारला की लगेच अर्थही द्यावा लागतो; साहेबाला द्यायचा आणि साहेबाच्या खांद्यावरून ऐकणाऱ्या इंग्रज वाचकाला द्यायचा. म्हणजे गुप्त भाषा या संहितेत अवतरते ती फितुरीच्याच अवस्थेत. वाचकाला जो रोमांच होतो तो भाषा न कळण्याचा नसून, जे कळू नये ते कळते आहे, याचा असतो. तिसऱ्याला मिळालेले हे सुख कादंबरीचा खरा आधार आहे, आणि तिचे यश नाकारण्याचे कारण नाही. त्या काळच्या अँग्लो-इंडियन कादंबऱ्यांत इतका सलग, इतका निर्विकार निवेदक दुसरा सापडणे कठीण. तरीही एका ठिकाणी ही कादंबरी स्वतःच्याच भूमिकेला छेद देते. खुनाच्या इशाऱ्याला 'झिरनी' असे नाव आहे, पण प्रत्यक्ष इशारा काय असतो? तंबाखू आणा, एवढेच. बनिजाला ते वाक्य पूर्ण कळते. त्यात एकही अपरिचित शब्द नाही. गुप्ततेची पराकाष्ठा झाली तेथे भाषा पूर्णपणे साधी आहे, आणि विचित्र शब्द उरले आहेत ते कोशात. भूमिकाखेळाच्या नियमकारांनाही उशिरा हे उमगलेले दिसते. २०१४ च्या नियमांत चोरांची बोली साध्या संभाषणात दडवलेली असते आणि तीत निरोप द्यायला चौपट वेळ लागतो. इतका व्यवहारी नियम त्या पुस्तकात क्वचितच असेल.

ठगांच्या बाबतीत जो कोश एका मोहिमेचे हत्यार होता, त्यामागची दृष्टी पुढे कायद्यात उतरली. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा अकरावा खंड (१९२२) भटक्या जमातींच्या भाषांना वाहिलेला आहे, आणि त्यात घरात बोलली जाणारी मायबोली व कृत्रिम सांकेतिक बोली एकाच छपराखाली बसवलेल्या आहेत. आईने मुलाला जेवायला हाक मारली तरी ती 'गुप्त भाषा' ठरावी, असा हा प्रकार. मराठीत या दृष्टीला उत्तर मिळाले ते भाषाशास्त्रातून नव्हे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तून (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'तून (१९८७) ते मिळाले. तेथे समूहाचे शब्द येतात ते आतून, भूक, मार, पोलीस आणि नातीगोती यांच्यासकट; आणि कोश उघडणारा हात आता त्यांचा स्वतःचा आहे. चोरबोली रचणाऱ्या खेळाडूने ही दोन पुस्तके वाचलेली असली, तर 'चोर' ही खेळात निवडण्याची एक जात आहे, हे वाक्य मराठीत सहज उच्चारता येणार नाही.

मग मराठीत दुसरा आदर्श आहे काय? आहे, आणि तो पोलिसांच्या दप्तरातला नाही. दख्खनच्या बाजारपेठांत दलाल आणि व्यापारी गिऱ्हाइकासमोर भाव ठरवण्यासाठी नंदभाषा वापरीत. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा. अंगुळू म्हणजे दहा. व्याकरण मराठी, क्रियापदे मराठी, झाकलेले काय तर आकडे. दलालाला लपवायचे होते तेवढेच त्याने लपवले. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची रीत हिचीच बहीण. (एक रुमाल भाव झाकतो, दुसरा गळा आवळतो, युरोपीय वाचकाला दुसराच तेवढा ठाऊक झाला.) शिवाय गिऱ्हाइकाला ही भाषा आहे हे माहीत असते. तिची गुप्तता उघड असते, एखाद्या बंद दारासारखी.

नंदभाषेने आणखी एक मजल मारली. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर या भाषेतील एक अभंग आहे. त्यात पाच मुखांच्या, तीन नेत्रांच्या, दहा हातांच्या देवाचे वर्णन दलालांच्या आकड्यांनी केले आहे. औंढ्या नागनाथाच्या परिसरातील हा संतकवी बाजारातला संकेत उचलतो आणि श्रोत्याला कोडे घालतो. दलालाचा तिसरा कायम बाहेर राहावा अशी योजना असते. कोडे घालणाऱ्याचा तिसरा मात्र आत यावा अशी. एकाच शब्दसंग्रहाची ही दोन रूपे म्हणजे गुप्त भाषेच्या काव्यशास्त्राचा मोठा धडा आहे, आणि आपल्या समीक्षेने त्याकडे लोककौतुक म्हणूनच पाहिले. महानुभावांच्या सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांची गोष्ट वेगळी. तेथे भाषेला हात लावलेला नाही, अक्षरे बदलली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी किल्ली शोधली तेव्हा आतून निघाले ते निर्मळ मराठी गद्य. शब्दाच्या आरंभी 'च' घालून मूळ अक्षर शेवटी लोटणारी मुलांची च-ची भाषा तर कोणाही हुशार मावशीला दोन मिनिटांत उलगडते, आणि तरीही ती पिढ्यान् पिढ्या टिकली. सामील होण्याचे सुख तेवढ्यानेही भागते.

भूमिकाखेळाच्या जगात आज प्रतिष्ठा आहे ती टोल्किनच्या वाटेला. १९३१ च्या व्याख्यानात त्याने भाषानिर्मितीला आपला 'गुप्त दुर्गुण' म्हटले. वर्णव्यवस्था, रूपविचार, मग इतिहास अशी ती वाट. उर्दूची पाठ्यपुस्तके तयार करणारे भाषाशास्त्रज्ञ एम. ए. आर. बार्कर यांनी १९७५ च्या आपल्या खेळासाठी त्सोल्यानी भाषा रचली, तिचे व्याकरण छापले. विद्वत्तेचा तो नमुना आहे. पण पूर्ण व्याकरण असलेली भाषा ही परकी भाषा होते, गुप्त भाषा होत नाही. खेळाडू तिच्यातून विशेषनामे उचलतात आणि बाकी ग्रंथ कपाटात राहतो. गुप्त भाषेला तीसचाळीस शब्द पुरतात. ते कोणते, हे तिसरा कोण यावर ठरते : जकातदार असेल तर वजने आणि मार्ग, सावकार असेल तर तारखा आणि रकमा.

अडचण एकच राहते, आणि ती खेळाच्या रचनेतली आहे. कोश सूत्रधार लिहितो. तोच जग रचतो, तोच चोरांची बोली वाटतो, तोच सर्व ऐकतो. अमीर अलीसमोरच्या साहेबाची जागा त्याने घेतलेली असते. नंदभाषेचा आदर्श घ्यायचा तर ही वाटणी उलटी करावी लागेल. शब्द खेळाडूंनी आपसांत ठरवावेत आणि सूत्रधाराला ते सांगू नयेत. मग बाजाराच्या प्रसंगात एका खेळाडूने दुसऱ्याला 'अंगुळू' म्हटले, तर किंमत किती ठरली हे त्यांनी सांगेपर्यंत त्या जगाच्या निर्मात्यालाही थांबावे लागेल.